पेन फेलोशिपच्या निवड समित्यांना खुलं पत्र: आम्हाला घेणार की नाही, ते आधी सांगा

प्रति,
अमेरिकेतील पेन मेडिसिन फेलोशिपचे कार्यक्रम संचालक आणि निवड समित्यांचे सदस्य

सप्रेम नमस्कार.

मी फिजिकल मेडिसिन अँड रिहॅबिलिटेशनची, म्हणजे आपण ज्याला पीएमआर म्हणतो त्या पुनर्वसनाच्या शाखेची रेसिडेंट (प्रशिक्षणार्थी डॉक्टर) आहे. येत्या हंगामात पेन मेडिसिनच्या, म्हणजे वेदनेवरच्या उपचारांच्या, फेलोशिपसाठी अर्ज करणार आहे. रेसिडेन्सीनंतरचं हे एका वर्षाचं पुढचं प्रशिक्षण. पत्र मराठीत लिहिते आहे, कारण तुमच्यापैकी काहीजण ही भाषा घरी बोलतात. शिवाय न्यूरॉलॉजी, सायकियाट्री, फॅमिली मेडिसिन आणि इमर्जन्सी मेडिसिनमधून याच फेलोशिपची तयारी करणारी मराठी मुलंमुली मला सारखं विचारत असतात, "आपल्याला घेतात का गं?" त्यांना द्यायला माझ्याकडे खात्रीचं उत्तर नाही. ते तुमच्याकडे आहे आणि तुम्ही ते उघडपणे सांगत नाही, म्हणून हे जाहीरपणे लिहावं लागतंय.

निमित्त गेल्या हंगामातलं आहे. माझ्या एका सीनियरने अर्ज केला त्या कार्यक्रमाच्या माहितीत सगळ्या पात्र शाखांच्या उमेदवारांचं स्वागत आहे असं स्पष्ट लिहिलं होतं. त्याने शुल्क भरलं, शिफारसपत्रं जमवली, पर्सनल स्टेटमेंट त्या कार्यक्रमासाठी वेगळं लिहिलं. काही आठवड्यांनी दोन ओळींचं उत्तर आलं: यंदा आम्ही ॲनेस्थेशियाची (भूलशास्त्राची) पार्श्वभूमी असलेल्या उमेदवारांचाच विचार करत आहोत. मॅचचा, म्हणजे उमेदवार आणि कार्यक्रम यांची जुळणी करणाऱ्या पद्धतीचा, निकाल लागला तेव्हा त्याच कार्यक्रमाची एक जागा रिकामी राहिली होती. त्यांना एक फेलो कमी पडला, माझ्या सीनियरचं वर्ष गेलं, आणि त्या क्लिनिकबाहेर तारखेची वाट पाहणाऱ्या रुग्णांची रांग तेवढीच राहिली. हे मला मुकाट्याने मान्य करता येत नाही.

तुम्हाला हवं त्याला निवडण्याचा अधिकार तुमचा आहे, त्याबद्दल माझं काही म्हणणं नाही. माझं म्हणणं एवढंच की पेन मेडिसिन ही अनेक शाखांची मिळून झालेली विद्या आहे असं तुमचे नियम सांगतात आणि तुमच्या निवडीच्या सवयी मात्र ती एकाच शाखेची असल्यासारख्या चालतात. हा फरक तुम्ही कुठेही लिहीत नाही, त्यामुळे तो उमेदवाराला पैसे आणि वर्ष खर्चून कळतो.

आधी नियमांकडे बघू. पेन मेडिसिनच्या प्रमाणपत्राची पहिली परीक्षा १९९३ साली ॲनेस्थेशियाच्या बोर्डाने, म्हणजे त्या शाखेच्या तज्ज्ञांना प्रमाणपत्र देणाऱ्या संस्थेने, घेतली. पुढच्या दहा वर्षांच्या आत पीएमआरचं बोर्ड आणि सायकियाट्री-न्यूरॉलॉजीचं बोर्ड त्यात आले. नंतर इमर्जन्सी मेडिसिन, फॅमिली मेडिसिन आणि रेडिओलॉजीही आले. परीक्षा सगळ्यांना एकच. रेसिडेन्सी आणि फेलोशिपना मान्यता देणाऱ्या एसीजीएमई या संस्थेने २००७ मध्ये या फेलोशिपची नियमावली बहुशाखीय केली. त्या नियमावलीतली अनुभवाची यादी मला जवळपास पाठ आहे, कारण माझ्यासारख्यांच्या तयारीचा तोच आराखडा आहे. ॲनेस्थेशियाच्या भागात किमान १५ रुग्णांना शिरेतली लाइन टाकणं, १५ जणांना मास्कने श्वास देणं, १५ जणांचं इंट्युबेशन (श्वासनलिकेत नळी घालणं), १५ जणांना स्वतः सिडेशन (गुंगीचं औषध) देणं आणि इंटरलॅमिनार पद्धतीने, म्हणजे दोन मणक्यांच्या कमानींमधून, १५ एपिड्युरल (मज्जारज्जूच्या आवरणाबाहेरच्या जागेत इंजेक्शन), असं लिहिलेलं आहे. पण यादी तिथे संपत नाही. न्यूरॉलॉजीच्या भागात १५ रुग्णांची तपशीलवार तपासणी आहे, पीएमआरच्या भागात स्नायू, सांधे आणि हाडांची १५ जणांची तपासणी आहे, सायकियाट्रीच्या भागात १५ जणांच्या मानसिक स्थितीची तपासणी आहे. कुठल्याही शाखेतून येणारा फेलो काही बाबतींत कच्चाच असणार आणि त्या बारा महिन्यांत तो पक्का करायचा, हे ही यादी लिहिणाऱ्यांनी धरूनच चाललेलं आहे.

मग मुलाखतीत "एअरवे (रुग्णाचा श्वासमार्ग) हातातून गेला तर काय करशील?" हा प्रश्न फक्त आम्हालाच का विचारला जातो? ॲनेस्थेशियातून आलेल्या उमेदवाराला "खुबा तपासून दाखव" असं कोणी विचारल्याचं मी अजून ऐकलेलं नाही.

खुब्याचं नाव उगाच घेतलं नाही. एका रुग्णाबद्दल सांगते. साठी ओलांडलेल्या बाई, उजव्या मांडीचा पुढचा भाग आणि जांघ दुखायची. एमआरआयमध्ये कमरेच्या मणक्यांची झीज दिसत होती, जी त्या वयात बहुतेकांची दिसते. त्या जोरावर दुसरीकडे एपिड्युरल इंजेक्शनं होऊन गेली होती, फरक काही नव्हता. आता पुढची पायरी म्हणून स्पायनल कॉर्ड स्टिम्युलेटरची (मज्जारज्जूला सौम्य वीज देऊन वेदना कमी करणाऱ्या यंत्राची) चर्चा चालू होती. आमच्या अटेंडिंगनी (वरिष्ठ डॉक्टरांनी) त्यांना टेबलावर उताणं झोपवलं, गुडघा आणि खुबा काटकोनात वाकवले, आणि पाऊल हळूहळू बाहेर नेत खुबा आतल्या बाजूला फिरवला. तो जेमतेम हलला, आणि बाई कळवळून म्हणाल्या, "हेच ते दुखणं." सोनोग्राफीखाली खुब्याच्या सांध्यात बधिरतेचं औषध दिल्यावर काही मिनिटांतच त्या कॉरिडॉरमध्ये न लंगडता चालून आल्या. दुखणं मणक्यातलं नव्हतंच. ही तपासणी करायला एक मिनिट लागतं आणि कुठलंही यंत्र लागत नाही. ती शिकायला मात्र रोजच्या रोज, शेकडो सांधे हाताखालून जावे लागतात. आमच्या रेसिडेन्सीत आम्ही तेच करतो.

याचा अर्थ ॲनेस्थेशियाचे डॉक्टर तपासणी करत नाहीत असा कोणी काढू नये. मला सुई धरायला शिकवणाऱ्यांत ॲनेस्थेशियाचे लोक आहेत. सी-आर्म (प्रोसिजरच्या वेळी वापरायचं फिरतं एक्स-रे यंत्र) किती तिरका केला की मणक्याची ती कुत्र्याच्या आकाराची बाकदार सावली नीट उमटते, सुईचं टोक नेमकं कुठल्या खाचेत हाडाला टेकायला हवं, डाय सोडल्यावर तो एपिड्युरल जागेत पसरतोय की रक्तवाहिनीतून क्षणात वाहून जातोय, हे त्यांनी मला पडद्यावर बोट ठेवून दाखवलंय. त्यांच्या हाताला असलेली सफाई माझ्या हाताला यायला वेळ लागेल. तसाच वेळ त्यांच्या नव्या फेलोला चाल बघून निदान करायला लागेल, इतकंच माझं म्हणणं आहे.

आता एअरवेची भीती. ती खरी आहे, आणि तिची चेष्टा करणाऱ्यांच्या बाजूने मी नाही. सिडेशनमध्ये श्वास थांबू शकतो, बधिरतेचं औषध रक्तात जाऊन झटके येऊ शकतात, मानेजवळच्या ब्लॉकनंतर औषध चुकीच्या जागी पसरू शकतं. अशा वेळी मास्क धरता आलाच पाहिजे, आणि बधिरतेचं औषध रक्तात गेल्यावरचा उतारा असलेलं लिपिड इमल्शन कुठल्या कपाटात आहे हे तोंडपाठ असलंच पाहिजे. म्हणूनच मी माझ्या इलेक्टिव्हचा (स्वतः निवडायच्या पोस्टिंगचा) वेळ ऑपरेशन थिएटरमध्ये मागून घेतला आणि पहाटे जाऊन लाइन टाकणं, मास्क धरणं, इंट्युबेशन शिकले. पण या विषयातल्या सर्वांत भयंकर घटना कोणत्या, हेही बघा. २०१४ मध्ये एफडीएने (अमेरिकेच्या औषध नियामकाने) एपिड्युरल स्टेरॉइड इंजेक्शनांबद्दल इशारा दिला तो दृष्टी जाणं, स्ट्रोक, लकवा आणि मृत्यू अशा दुर्मिळ पण गंभीर परिणामांबद्दल होता. एपिड्युरल हिमॅटोमात (त्या जागेत रक्त साठून मज्जारज्जूवर दाब आला की) पाय अशक्त होतो, लघवी अडते, आणि ते किती लवकर ओळखलं जातं यावर तो माणूस पुन्हा चालणार की नाही हे ठरतं. पाठीच्या कण्याला इजा झालेल्या रुग्णांच्या वॉर्डात ज्याने महिने काढलेत, त्याला ही तपासणी झोपेतून उठवली तरी येते. रुग्णाच्या सुरक्षिततेचा विचार करताना ही बाजू तुमच्या तराजूत कुठेच पडत नाही.

तक्रारीची दुसरी गोष्ट वेळापत्रकाची. जुलैत सुरू होणाऱ्या फेलोशिपचा मॅच आदल्या वर्षीच्या शरदात लागतो आणि अर्ज त्याच्याही कितीतरी आधी भरायचे असतात. पीएमआरची चार वर्षं. पहिलं वर्ष इंटर्नशिपमध्ये जातं, दुसरं बहुतेक ठिकाणी वॉर्डातल्या रिहॅबमध्ये. म्हणजे पेन क्लिनिक जेमतेम दिसायला लागतं तोवर अर्जाची वेळ येते. फॅमिली मेडिसिनची रेसिडेन्सीच तीन वर्षांची, त्यांना तर दुसऱ्या वर्षातच सगळं जमवून ठेवावं लागतं. एवढ्या थोड्या वेळात तुमच्या क्लिनिकमध्ये दोन आठवडे यायची परवानगी मागितली, तर बऱ्याच ठिकाणचं उत्तर असतं: ही पोस्टिंग आमच्याच ॲनेस्थेशिया रेसिडेंटसाठी आहे. मग मुलाखतीत आमच्याच फाइलकडे बघून विचारता, "पेनचा अनुभव कमी दिसतोय."

शिफारसपत्रांचंही तेच. नियमात कुठेही नाही, पण ॲनेस्थेशियातल्या मोठ्या नावाचं पत्र नसेल तर फाइल उघडलीच जात नाही, असं आम्हाला प्रत्येक सीनियर सांगतो. ज्यांच्या रुग्णालयात पेनचा विभाग ॲनेस्थेशियाखाली आहे आणि आमच्याशी त्यांचं येणं-जाणं आहे, त्यांना ते पत्र मिळतं. ज्या छोट्या रुग्णालयात असा विभागच नाही, तिथल्या रेसिडेंटने ते कुठून आणायचं? तो कामात कसा आहे, रुग्णाशी कसा बोलतो, प्रोसिजर बिघडली तर डोकं शांत ठेवतो का, हे त्याच्यासोबत वर्षं काढलेला न्यूरॉलॉजिस्ट किंवा सायकियाट्रिस्ट सांगू शकतो. दोन आठवडे ओळख असलेल्या मोठ्या नावापेक्षा ते पत्र तुम्हाला जास्त उपयोगी पडायला हवं.

आणखी एक गोष्ट आहे, जी एका मुलाखतीत मला जवळपास तोंडावर सांगण्यात आली. काही ठिकाणी फेलो फक्त पेन क्लिनिकसाठी नको असतो, तो ऑपरेशन थिएटरच्या ड्युटीतही हवा असतो. भूल द्यायला माणसं कमी आहेत हे मला माहीत आहे, विभागप्रमुखावर ती घडी बसवण्याचा केवढा ताण असतो हेही दिसतं. पण खरं कारण हे असेल तर ते लिहून टाका. "तुमचं प्रोफाइल आमच्याशी जुळत नाही" असं वाचल्यावर एखादी हुशार मुलगी स्वतःमध्ये काय कमी आहे ते शोधत बसते, आणि कारण असतं ड्युटीचं वेळापत्रक.

नाकारल्या गेलेल्यांचं पुढे काय होतं, याचाही विचार व्हावा. बरेचजण एसीजीएमईची मान्यता नसलेल्या स्पाइन फेलोशिपकडे वळतात. तिथे शिक्षण काही ठिकाणी उत्तम असतं, यात शंका नाही. पण त्यावर पेन मेडिसिनच्या बोर्डाच्या परीक्षेला बसता येत नाही, आणि मग रुग्णालयात प्रोसिजरचे अधिकार मागताना तोच प्रश्न आयुष्यभर पुढे येत राहतो. जे-१ व्हिसावर (परदेशी डॉक्टरांच्या प्रशिक्षणाच्या व्हिसावर) असलेल्यांना तर हा पर्यायही सहज मिळत नाही. तुम्ही कुठला व्हिसा चालवता हेसुद्धा अनेक कार्यक्रम फोन केल्याशिवाय सांगत नाहीत.

या सगळ्यात मला सर्वांत जास्त लागतं ते हे की या विषयाचा पाया घालणारा माणूस तुमच्याच, म्हणजे ॲनेस्थेशियाच्या, शाखेचा होता आणि त्याने नेमकं उलटं केलं. जॉन बोनिका हे भूलतज्ज्ञ. दुसऱ्या महायुद्धात वॉशिंग्टन राज्यातल्या लष्करी रुग्णालयात जखमी सैनिकांची वेदना बघताना त्यांच्या लक्षात आलं की एकट्या डॉक्टरला आणि एकट्या शाखेला हे झेपणारं नाही. पुढे सिअ‍ॅटलच्या विद्यापीठात त्यांनी क्लिनिक उभं केलं ते अनेक शाखांचे लोक एका रुग्णाभोवती बसवून. १९७३ मध्ये आंतरराष्ट्रीय वेदना अभ्यास संघटनेची पायाभरणी त्यांनी केली तीही सगळ्यांना सोबत घेऊन. ज्या गेट कंट्रोल सिद्धान्ताशिवाय (मज्जारज्जूत वेदनेचे संदेश अडवले किंवा पुढे सोडले जातात, असं सांगणारा) आपल्यापैकी कोणाचंच शिक्षण सुरू होत नाही, तो १९६५ मध्ये मांडणारे मेल्झॅक मानसशास्त्रज्ञ होते, आणि त्यांचे जोडीदार वॉल मज्जासंस्थेचे संशोधक. रुग्णाच्या पाठीच्या कण्यात पहिला स्टिम्युलेटर बसवणारे शीली हे न्यूरोसर्जन, साल १९६७. आज तुमच्या फेलोशिपच्या माहितीपत्रकात ज्या प्रोसिजरचा फोटो सर्वांत वर असतो, ती दुसऱ्या शाखेतून आलेली आहे. त्या शाखांतून आलेला विद्यार्थी मात्र चालत नाही.

आणि ही वेळ माणसं परत पाठवण्याची आहे का? अमेरिकेच्या २०२३च्या राष्ट्रीय आरोग्य सर्वेक्षणानुसार दर चार प्रौढांमागे जवळपास एकाला जुनाट वेदना आहे. गेल्या काही वर्षांत ॲनेस्थेशियातून पेनकडे येणारे अर्ज घटले आहेत, थिएटरमधल्या नोकऱ्यांचा वाढलेला पगार हे त्याचं एक उघड कारण. फेलोशिपच्या जागा रिकाम्या राहू लागल्या आहेत. दुसऱ्या बाजूला, ज्यांना हेच काम आयुष्यभर करायचंय असे लोक बाहेर उभे आहेत. सायकियाट्रीतला माझा एक मित्र वेदना आणि व्यसन एकत्र असलेल्या रुग्णांना ब्युप्रेनॉर्फिन या औषधावर (ते वेदना आणि ओपिऑइडचं व्यसन दोन्हींवर चालतं) स्थिर करतो. तो जे करतो ते तुमच्या क्लिनिकमधले किती फेलो आत्मविश्वासाने करू शकतात? त्याने आता अर्ज करण्याचा विचार सोडलाय, आणि त्याची समजूत कशी काढावी हे मला कळत नाही.

माझ्या मागण्या सरळ आहेत.

तुमच्या माहितीच्या पानावर लिहा की तुम्ही कोणत्या शाखांचे अर्ज खरोखर वाचता, आणि गेल्या पाच वर्षांतले तुमचे फेलो कोणकोणत्या रेसिडेन्सीतून आले. नावं नकोत, फक्त शाखा. कोणता व्हिसा चालतो तेही त्याच ठिकाणी लिहा. फक्त ॲनेस्थेशियाचेच घेणार असाल तर तसं स्पष्ट लिहा, आम्ही तुमच्याकडे शुल्क भरणार नाही आणि तक्रारही करणार नाही.

ॲनेस्थेशियाचं पत्र सक्तीचं असेल तर ती अट छापा. नसेल तर समितीतल्या प्रत्येकाला सांगा की त्यावरून फाइल बाजूला काढायची नाही.

थिएटरची ड्युटी फेलोच्या कामाचा भाग असेल तर अर्जाआधी जाहीर करा.

बाहेरच्या आणि इतर शाखांच्या रेसिडेंटसाठी वर्षातून काही आठवडे तुमचं क्लिनिक उघडं ठेवा. हे फार महत्त्वाचं आहे, कारण बाकीच्या अटी पूर्ण करायला आम्हाला जागाच मिळत नाही. सोबत तुमच्या ॲनेस्थेशिया विभागात एअरवेचे दोन आठवडे जोडून दिलेत, तर तुमच्याच फेलोशिपच्या पहिल्या महिन्यातलं काम हलकं होईल.

मुलाखतीत सगळ्यांना सारखे प्रश्न विचारा. एअरवे सगळ्यांना विचारा, खांद्याची तपासणी सगळ्यांना विचारा, आत्महत्येचे विचार मनात येणाऱ्या रुग्णाशी कसं बोलाल तेही सगळ्यांना विचारा.

आणि जुलै महिना खऱ्या अर्थाने पायाभरणीचा करा. आम्हाला थिएटरमध्ये पाठवा, ॲनेस्थेशियातून आलेल्यांना आमच्या रिहॅब वॉर्डात, न्यूरॉलॉजीत आणि सायकियाट्रीत पाठवा. नियमावलीतले ते १५-१५ चे आकडे वर्षाच्या शेवटी कागदावर पूर्ण करण्यासाठी लिहिलेले नाहीत.

यातल्या पहिल्या तीन गोष्टींना पैसा लागत नाही, कोणाची मंजुरी लागत नाही. एका बैठकीत निर्णय होऊ शकतो आणि त्याच दिवशी पान बदलता येतं. या हंगामाचे अर्ज सुरू होण्याआधी ते करा. शेवटच्या तिन्हींसाठी वेळ लागेल हे मी समजू शकते, पण सुरुवात कधी करणार हे जाहीरपणे सांगा. तुमचा काही आक्षेप असेल, माझं एखादं म्हणणं तुम्हाला चुकीचं वाटत असेल, तर तेही असंच जाहीरपणे लिहा. मी वाचेन आणि उत्तर देईन.

आपली,
पीएमआरची एक रेसिडेंट,
पेन मेडिसिनची या हंगामातली उमेदवार